ढब्बूचं ऑपरेशन दोनदा, बिल तीनदा: साताऱ्यातल्या एका पेट क्लिनिकचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार. डॉक्टरांच्या हाताला मी पाच दिले असते आणि काउंटरला एकसुद्धा नाही, म्हणून मधला आकडा टाकलाय. लिहायला बसले तर लांबणार आहे हे माहितीय, पण ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांनी वाचा, कारण ऑपरेशन म्हटलं की आपण सगळे एकच विचारतो, डॉक्टर कसा आहे, हात चांगला आहे का. बिघडलं तर पुढं काय आणि ते किती रुपयांचं, हे कुणीच विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

क्लिनिकचं नाव टाकत नाही. ज्या गोष्टींवर मी बोलणार आहे त्या बऱ्याच ठिकाणी अशाच चालतात, एकट्याला झोडपून काय होणार नाही, आणि त्या डॉक्टरांनीच आमच्या कुत्र्याला, ढब्बूला वाचवलंय हेही तितकंच खरं आहे.

आधी जागा. क्लिनिक पहिल्या मजल्यावर. जनावरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर काढायची आयडिया कुणाची असेल देव जाणे, लिफ्ट नाही, जिना अरुंद, आणि आमचा ढब्बू 24 किलोचा. गावठीच आहे, पण बापाकडून काहीतरी लॅब्रेडॉर वगैरे असावा, खाण्यावरून तरी तसंच वाटतं. त्याला चादरीत घालून दोघांनी दोन टोकं धरून वर नेलं. वेटिंगला एकच खोली, त्यात मांजरं पिंजऱ्यात, कुत्री साखळीला आणि खाली गुळगुळीत टाइल्स, आजारी कुत्र्याचे पाय फरफटतात त्यावर. स्वच्छता मात्र चांगली आहे, फिनेलचा वास येतो पण दुसरा कसला येत नाही, टेबल प्रत्येक पेशंटनंतर पुसतात, हे मी मुद्दाम बघितलं. भिंतीवर रेटबोर्ड आहे. लस, जंताचं औषध, नखं कापणं, सगळ्याचे दर लिहिलेत. ऑपरेशनचा नाही, वॉर्डचा नाही, भुलीचा तर नाहीच.

झालं असं की मे महिना, शेजारी पाहुणे आलेले, आमरसाचा बेत, कोयी मागच्या बाजूला बादलीत टाकलेल्या. ढब्बूनं त्यातली एक अख्खी गिळली. चावून चोखून टाकली असती तर प्रश्नच नव्हता. दोन दिवस उलट्या, आधी खाल्लेलं आणि मग नुसतं पिवळं पाणी, पोट हाताला कडक, आणि पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून उभा राहायचा, नमस्कार घातल्यासारखा. ही पोझ बघितली तर समजा पोटात दुखतंय, आळस देतोय म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांनी सल्ले दिले. दही द्या, ओवा द्या, एक जण म्हणाला एरंडेल पाजा म्हणजे कोय सरकंल. आतडं बंद असताना एरंडेल पाजलं तर आतडं जोर लावतं आणि फाटायची भीती असते, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं, नशीब आम्ही काही पाजलं नव्हतं.

एक्स-रे काढला, त्यात कोय दिसलीच नाही. मला वाटलेलं हाडासारखी पांढरी दिसेल. कोय म्हणजे लाकूडच की, ती एक्स-रेत नीट उठत नाही, दिसतो तो अडलेला गॅस आणि फुगलेलं आतडं. मग सोनोग्राफी, मशीन दुसऱ्या डॉक्टरांकडून मागवतात, त्याची वाट बघण्यात संध्याकाळ गेली. त्यात लहान आतड्यात कडक वस्तू आणि तिच्या मागं काळी सावली असं स्पष्ट दिसलं. डॉक्टर म्हणाले आज रात्रीच उघडावं लागेल. किती खर्च येईल विचारलं तर म्हणाले, "बारा हजार धरा."

इथं मी त्यांना एक स्टार जास्त देते, कारण रात्री साडेनऊला त्यांनी टीम बोलावली आणि अकरा वाजेपर्यंत कोय बाहेर. मला बाटलीत घालून दाखवली पण. ज्युनिअर डॉक्टर ताई होत्या, त्यांनी बाहेर येऊन आम्हाला दोनदा सांगितलं की श्वास चांगला आहे, हार्ट चांगलं आहे, घाबरू नका. माणसांच्या हॉस्पिटलातसुद्धा असं कुणी बाहेर येऊन सांगत नाही.

पण ऑपरेशनच्या आधी एक फॉर्म सही करायला दिला होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात, त्यात कुठंतरी "काँप्लिकेशन्स" असा शब्द होता आणि त्याची जबाबदारी मालकाची असं काहीतरी. रात्री कुत्रं टेबलावर असताना कोण वाचणार ओ? मी दिवसभर पतसंस्थेत लोकांच्या सह्या तपासते, कर्जदाराला जामीनदाराची अट वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाही आम्ही, आणि इथं मी न वाचता खाली सही ठोकली. फॉर्म मराठीत करा एवढीच माझी मागणी आहे. आणि त्यात एकच ओळ मोठ्या अक्षरात टाका: आतडं उघडून शिवलं की पहिले तीन ते पाच दिवस ती शिवण सुटू शकते.

हे मला कधी कळलं? शिवण सुटल्यावर.

डिस्चार्ज दिला तेव्हा ढब्बू चालत होता, शेपूट हलवत होता, थोडी पेजही चाटली होती. हातात गोळ्यांचा कागद, सकाळ-दुपार-संध्याकाळ टिक मारलेल्या, आणि पहिलं बिल 23,200. बारा धरा म्हणाले होते ना, ते बारा बरोबर होते, "ऑपरेशन चार्जेस 12,000" अशी ओळ होती. त्याच्या खाली भूल 2,500 वेगळी, दोन एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त तपासणी, वॉर्डचं भाडं, सलाईन, औषधं. यातलं एकही खोटं नाही. पण "किती येईल" या प्रश्नाला "बारा" हे उत्तर नव्हतं, आणि हे त्यांना माहिती होतं. मी काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, अरे आधी सांगायचं ना, तर तो म्हणाला, "मॅडम आधी सांगितलं की लोक ऑपरेशनच करत नाहीत." त्याचं म्हणणंही मला पूर्ण खोटं वाटत नाही, बघा. साताऱ्यात गावठी कुत्र्यासाठी तेवीस हजार ऐकून परत फिरणारी माणसं असतीलच. पण म्हणून अर्धा आकडा सांगायचा?

घरी आणल्यावर पहिला दिवस ठीक. मग खाणं सोडलं, कोपऱ्यात जाऊन पडला, अंग तापलं, पोटाला हात लावला की कण्हायचा. रात्री दहाला क्लिनिकला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, काउंटरवरच्या मुलानं उचलला, म्हणाला ऑपरेशननंतर असतंय थोडं, सकाळी घेऊन या. माझे दोन स्टार इथं गेले. कारण डिस्चार्जच्या कागदावर "ताप, उलटी, खाणं बंद, पोट दुखणं, यातलं काहीही झालं तर लगेच या" अशी चार शब्दांची ओळ असती तर मी त्याच्याशी भांडले असते, उठवलं असतं कुणालातरी. मला वाटलं खरंच असतंय थोडं. पहाटे अवस्था बघून डॉक्टरांच्या पर्सनल नंबरवर मेसेज टाकला आणि ते साडेसहाला येऊन शटर उघडून उभे होते. म्हणजे माणूस चांगला आहे, व्यवस्था नाही.

पुढं जे केलं ते मला फार भारी वाटलं म्हणून सांगते. त्यांनी पोटात सुई घालून थोडं पाणी काढलं, गढूळ. मग कपाटातून शुगर तपासायचं मशीन काढलं, तेच, माझ्या सासूबाई रोज सकाळी बोट टोचून बघतात ते. एका पट्टीवर ढब्बूच्या रक्ताचा थेंब आणि दुसऱ्या पट्टीवर पोटातल्या पाण्याचा. रक्तात साखर 96, पाण्यात 38. म्हणाले, फरक वीसच्या वर असला की समजायचं पोटात जंतू बसलेत आणि ते साखर खातायत, म्हणजे आतड्यातनं गळतंय. एवढी महागडी तपासणी झाल्यावर शेवटी निदान झालं ते पन्नासेक रुपयांच्या दोन पट्ट्यांवर, हे मला अजून पटत नाही.

शिवण का सुटली हे त्यांनी तेव्हा खुर्चीत बसवून सांगितलं. कोय दोन दिवस एका जागी दाबून बसली होती, तिथल्या भिंतीला रक्त कमी मिळालं, वरून ते निरोगी दिसलं तरी आतून कमजोर झालेलं. त्यात उलट्या आणि उपासानं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, खाली गेलेलं, ते कमी असलं की जखम धरत नाही. आणि पहिले तीन-चार दिवस आतड्याची जखम स्वतःच्या ताकदीवर नसतेच, सगळा भार दोऱ्यावर, नवीन पेशी भरायला त्यानंतर सुरुवात होते. म्हणून हे नेमकं तेव्हाच फाटतं. इतकं छान समजावलं की मला राग यायच्या ऐवजी वाटलं, अहो डॉक्टर, हेच ऑपरेशनच्या रात्री दोन मिनिटांत सांगितलं असतं तर मी ताप बघून रात्रीच दार वाजवलं असतं!

दुसरं ऑपरेशन मोठं. खराब झालेला आतड्याचा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली, पोट कोमट सलाईननं परत परत धुतलं, वरून पोटातल्या चरबीचा पडदा त्या जोडावर गुंडाळला, म्हणजे तिथं रक्त पोचतं आणि बारीक गळती असेल तर झाकते, आणि बाजूनं एक नळी काढून ठेवली घाण पाणी बाहेर यायला. आत जायच्या आधी काउंटरवर दहा हजार ॲडव्हान्स. कार्ड चालत नाही, यूपीआय किंवा कॅश. पहाटे कुणाकडं दहा हजार असतात? माझी भिशी नुकतीच लागली होती म्हणून खात्यात होते, नाहीतर सोनं घेऊन आमच्याच पतसंस्थेच्या दारात दहा वाजेपर्यंत बसले असते.

आता दुसऱ्या बिलाची गोष्ट, इथं माझ्यातली क्लार्क जागी झाली. पहिल्यांदा जे बिल हातात दिलं ते साध्या लेटरहेडवर, 38 हजार आणि वर काहीतरी, चार ओळी: ऑपरेशन, मेडिसिन, वॉर्ड, जीएसटी. मी म्हटलं जीएसटी कशाचा? प्राण्यांच्या दवाखान्यातल्या उपचाराला जीएसटीतून सूट आहे, जीएसटी आला तेव्हापासूनच आहे. औषध दुकानातून विकलं तर त्यावर टॅक्स असतो पण तो एमआरपीच्या आतच धरलेला असतो, वरून लावायचा नसतो. मुलगा म्हणाला सॉफ्टवेअरमध्ये येतंय तसं. सॉफ्टवेअरमध्ये येतंय! मी म्हटलं लेटरहेडवर पेनानं लिहिलंय की रे तू. डॉक्टर स्वतः बाहेर आले, ओळ खोडली, सॉरी म्हणाले. मग मी म्हटलं आता मेडिसिनची फोड द्या. फोड आली तेव्हा कळलं की त्यात सेफ्ट्रायॅक्सोन, मेट्रोनिडॅझोल, पॅन्टोप्राझोल, म्हणजे ही सगळी माणसांचीच इंजेक्शनं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. डॉक्टरांना विचारलं बाहेरून आणू का, तर लगेच वजनाप्रमाणे डोस लिहून चिठ्ठी दिली, का-कू नाही. पोवई नाक्याजवळच्या मेडिकलमधून आणली आणि त्यानंतरचा औषधाचा खर्च निम्म्यावर आला. चिठ्ठी मागायची, देतात. न मागता कुणी देत नाही.

पण चिठ्ठीशिवाय घरातलं काही देऊ नका हां. आमच्या शेजारच्या काकांनी प्रेमानं कॉम्बिफ्लाम आणून दिली होती, दुखत असेल बिचाऱ्याला म्हणून. त्यातलं आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि किडनीला घातक, आणि टाके पडलेल्या आतड्यावर तर विचारूच नका.

शेवटी दुसरं बिल 36,200 ला बसलं. यावर माझं आणि डॉक्टरांचं शांतपणे पण स्पष्ट बोलणं झालं, ते दोन्ही बाजूंनी लिहिते. माझं म्हणणं, पहिल्या ऑपरेशनची शिवण सुटली म्हणून दुसरं करावं लागलं, तर सामान, भूल, औषध याचे पैसे घ्या, सर्जनची फी परत पूर्ण का? त्यांचं म्हणणं, मॅडम, शिवण माझ्या चुकीनं सुटली नाही, आतडं आधीच खराब झालेलं होतं, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड, तीन तास उभा होतो. फी 18 हजार होती, दोन हजार कमी केले. मला त्यांचं म्हणणं पटलं का? निम्मं. आतडं आधी खराब होतं हे मान्य, सुटणं कुणाच्या हातात नसतं हेही मान्य. पण मग ही शक्यता तुम्हाला पहिल्या रात्रीच माहिती होती, आणि ज्याला शक्यता माहिती आहे त्यानं दोन आकडे सांगायला पाहिजेत, नीट झालं तर एवढे आणि बिघडलं तर एवढे. मी तरीही ऑपरेशन केलंच असतं. पण भिशीचे पैसे पहिल्या बिलानंतर मी कपाटासाठी ॲडव्हान्स द्यायला निघाले होते, ते नसते निघाले.

नातेवाइकांचं वेगळंच. नणंद म्हणाली कन्झ्युमर कोर्टात जा, डॉक्टरनं वाट लावली. जाता येतं, पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो, आणि पाच लाखापर्यंतच्या रकमेला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. पण आयोगात हलगर्जीपणा दाखवावा लागतो, आणि काँप्लिकेशन झालं म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नसतं. रात्रीचा फोन, अर्धवट डिस्चार्ज कागद, यावर मी तोंडावर बोलले, तेवढं मला पुरे आहे. शेजारचे काका म्हणाले, "गावठी कुत्र्याला साठ हजार? त्येवढ्यात दुभती गाय आली असती की ओ." सासूबाई कोरेगाव साइडच्या, आयुष्य म्हशीत गेलं, मला वाटलं त्याही तेच म्हणतील. त्या म्हणाल्या, गाय आली असती पण ती रात्री गेटवर बसली असती का? आणि पदरातून पाच हजार काढून दिले.

आता तिसरं बिल. दुसऱ्या ऑपरेशननंतर पोटाच्या टाक्यांखाली पाणी साठलं, लिंबाएवढी गाठ, त्याला सिरोमा म्हणतात, ही किरकोळ गोष्ट आहे, बऱ्याचदा आपोआप जिरते, पण चाटून चाटून त्यानं एक टाका उचकटला आणि मग ड्रेसिंगला येत राहा. प्रत्येक ड्रेसिंगचे 350. वर तपासणी फी 200. एकाच पेशंटला, एकाच टाक्यासाठी, दर खेपेला तपासणी फी! हे मात्र मला मुळीच पटलं नाही. टाके निघेपर्यंतचं ड्रेसिंग ऑपरेशनच्या पैशातच धरायला पाहिजे, माणसांच्या डॉक्टरांकडंही बहुतेक ठिकाणी तसंच असतं. इथं मी भांडले, आणि तपासणी फी काढून टाकली. 350 मात्र शेवटपर्यंत घेतले. सगळं धरून 64 हजारांच्या आसपास गेलं.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ती कॉलर त्यांच्याकडून घेऊ नका. प्लॅस्टिकची, 650 रुपये, आणि आमच्यानं दारात आपटून पहिल्याच दिवशी चिरली. नवऱ्याचा जुना टीशर्ट घातला, पुढचे पाय बाह्यांतून, मागं गाठ, तो टाके निघेपर्यंत टिकला.

शिरवळबद्दल बऱ्याच जणांना माहिती नसतं म्हणून लिहिते. आपल्याच सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, 1988 सालचं, सरकारी विद्यापीठाचं, आणि कॉलेज म्हटल्यावर शिकवायचा दवाखाना आलाच. साताऱ्याहून साठेक किलोमीटर, खंबाटकीचा बोगदा ओलांडला की आलंच, फक्त मागं आजारी कुत्रं असेल तर गाडी हळू घ्या. आमच्या डॉक्टरांनीच टाके निघाल्यावर म्हटलं एकदा तिथं दाखवून या, दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं बरं, आणि सगळ्या रिपोर्टच्या कॉप्या स्वतःहून दिल्या. स्वतःच्या कामावर दुसऱ्याचं मत घ्या म्हणणारा डॉक्टर कमी बघायला मिळतो. रात्रीच्या इमर्जन्सीला साताऱ्यातून तिथं पोचायचं अवघड, पण ज्या ऑपरेशनला दोन-चार दिवस हातात आहेत, नसबंदी, गाठ काढणं वगैरे, त्याला आधी तिथं विचारून मग ठरवा. 1962 हा सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबरही सेव्ह करून ठेवा, तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, पण गावाकडं असाल तर निदान पशुवैद्यकाशी बोलणं होईल.

इन्शुरन्सचं विचारत होत्या काही जणी. कुत्र्याचा विमा आपल्याकडं मिळतो, लसीचं कार्ड, फोटो आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. आजार आधीपासून असेल तर तो त्यात धरत नाहीत आणि पॉलिसी घेतल्या घेतल्या आजारपणाचा क्लेम बसत नाही, थोडा काळ जावा लागतो. म्हणजे कोय गिळल्यावर काढून उपयोग नाही. क्लेमला ओळनिहाय बिल लागतं, आणि आमच्यासारखं चार ओळींचं लेटरहेड घेऊन गेलात तर विसरा.

ढब्बू आता ठणठणीत आहे. वजन भरलंय, पोटावर लांब व्रण आहे, आणि आंब्याच्या वासाला अजूनही वेडा होतो, म्हणजे अक्कल काय आलेली नाही.

परत जाईन का? लस आणि साध्या आजाराला हो. ऑपरेशनला पण जाईन, पण आधी कागदावर दोन आकडे लिहून घेऊन, भूल-वॉर्ड-ड्रेसिंगसकट, आणि रात्री कुणाला फोन करायचा त्याचा नंबर त्याच कागदावर. मागच्या आठवड्यात रेबीजच्या लसीला गेले तेव्हा बघितलं, रेटबोर्डवर खाली पेनानं "भूल वेगळी" एवढे दोन शब्द वाढलेत. वॉर्डचा दर अजून नाही.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, संध्याकाळी गर्दीत कुत्री एकमेकांवर भुंकून जीव खातात आणि खाली टू-व्हीलर लावायलासुद्धा जागा नसते. मांजर असेल तर बास्केटवर टॉवेल टाकून न्या. आणि मोठं कुत्रं असेल तर जिन्याखालूनच फोन करा, त्यांच्याकडं स्ट्रेचर आहे, आम्हाला ते चादरीतून दोनदा वर नेल्यावर कळलं, मागितलं की आणतात.